अण्णांपासून लपवलेलं सातवं पान

दारात पेपर पडल्याचा आवाज झाला आणि गुंड्या अंथरुणातून ताडकन उठला. सहा वाजून दहा मिनिटं. अण्णा साडेसहाला उठतात. म्हणजे हातात वीस मिनिटं होती. तो अनवाणी, चोरपावलांनी दाराशी गेला, आवाज न करता कडी काढली आणि पेपर उचलला. पान सात. उजव्या कोपऱ्यात, बारीक चौकटीत त्याचं नाव छापून आलं होतं. जुनंही आणि नवंही. ते दिसताच बाकीचं पान त्याच्या डोळ्यांपुढं धूसर झालं. खाली आणखी सात-आठ चौकटी होत्या, पण त्या वाचायला डोळे थाऱ्यावर कुठं होते? त्यानं पेपरची सुरळी केली, नकाशे ठेवायच्या लांब नळीत कोंबली, झाकण लावलं, नळी कपाटामागं उभी केली आणि परत अंथरुणात शिरून झोपेचं सोंग घेतलं.

"मिळाला?" बायकोनं डोळे न उघडताच विचारलं.

"हळू बोल."

"मी हळूच बोलतेय. तुमची छातीच एवढी धडधडतेय, की अण्णा उठतील."

आता, गुंड्या म्हणजे कुणी लहान मुलगा नव्हे. वय वर्षं एक्कावन्न, इमारतींचे नकाशे काढणं हा धंदा, आणि घरात नववीतली लेक. गुंड्या हे त्याला अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पाळण्यात असताना चिकटवलेलं नाव. कागदोपत्री नाव वेगळं. ते मी इथं सांगत नाही. तो बिचारा ते विसरायला बघतोय, आपण कशाला आठवण करून द्यायची?

एवढंच सांगतो, की ते नाव एका पोस्टमास्तरांचं होतं. गुंड्या जन्मला तेव्हा अण्णा टपाल कचेरीत पत्रं लावायच्या टेबलावर होते आणि बढतीची वाट बघत होते. साहेबांना खूश करावं म्हणून त्यांनी मुलाला साहेबांचंच नाव ठेवलं. साहेब गहिवरले. आठव्या दिवशी साहेबांची बदली झाली. बढती गेली, नाव मागं राहिलं. ते नाव शोभायला भरघोस मिशा आणि दरडावणारा आवाज लागतो. गुंड्याकडं दोन्ही नव्हतं. शाळेत हजेरीला ते नाव पुकारलं, की मुलं मागं वळून एखादा पैलवान शोधायची आणि पहिल्या बाकावरून गुंड्या बारीक आवाजात "हजर" म्हणायचा.

तरी पन्नास वर्षं त्यानं ते निमूट वागवलं. पण यंदा गोष्ट दगडावर आली. अठ्ठावीस वर्षं त्यानं नकाशे काढले आणि खाली सह्या झाल्या दुसऱ्यांच्या. या वेळी मात्र मुलांसाठी बांधलेलं नवं वाचनालय पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत त्याचं होतं. दाराशी काळा दगड बसणार होता आणि त्यावर इमारतीचा आराखडा कुणी काढला, त्याचं नाव.

"नाव महिनाअखेरपर्यंत द्या," पाथरवट म्हणाला होता. "आणि नीट ठरवून द्या. तुमच्याकडं खोडरबर असतो साहेब, माझ्याकडं नसतो."

कायद्यानं नाव बदलणं तसं अवघड नाही, पण जिना चढल्यासारखं एकेक पायरी चढावी लागते. पहिली पायरी, शपथेवर लिहून द्यायचं, की अमुक होतो तो यापुढं तमुक होणार. दुसरी पायरी, पेपरात जाहीर सूचना द्यायची आणि पंधरा दिवस थांबायचं. कुणाची हरकत असेल तर त्यानं कळवावं. तिसरी पायरी, सगळे कागद सरकारी कचेरीत द्यायचे, म्हणजे सरकारी राजपत्रात नाव छापून येतं आणि मग जगानं ते मानायचं. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीला गुंड्या घाबरत नव्हता. दुसरीनं त्याची झोप उडवली होती. कारण अण्णा.

अण्णा एकोणऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे पत्ते वाचण्यात गेलेली, त्यामुळं छापलेलं काहीही वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. रोज सकाळी भिंग घेऊन ते पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. विहिरीच्या लिलावाची सूचनाही सोडत नसत. पाहुण्यांसमोर ते लेकाला त्याच्या पूर्ण नावानं हाक मारत आणि आवाज मुद्दाम खाली उतरवत. त्यांनी दिलेलं नाव लेकानं टाकून दिलं, हे त्यांना पान सातवर वाचायला मिळालं तर? त्यांना आधीच रक्तदाबाच्या दोन गोळ्या होत्या.

साडेसहाला अण्णा उठले. गुंड्या कान टवकारून बसला. रोजची हाक होती, "पेपर आला का रे?" त्यावर द्यायचं उत्तर त्यानं तीन दिवस पाठ केलं होतं: छापखान्यात संप आहे म्हणे.

हाक आलीच नाही.

अण्णा बाहेर आले, दाराशी गेले, पायपुसण्याखाली बघितलं, कुंडीमागं बघितलं. मग गुंड्याकडं बघितलं. गुंड्यानं छताकडं बघितलं.

"छापखान्यात संप आहे म्हणे," न विचारताच गुंड्या म्हणाला.

"हो का?" अण्णा म्हणाले. "असेल, असेल." आणि चहाचा अर्धा कप तसाच ठेवून त्यांनी कोट चढवला. "जरा फिरून येतो."

"आत्ता? तुम्ही तर संध्याकाळी जाता."

"डॉक्टर म्हणाले, सकाळची हवा चांगली."

"कधी म्हणाले?"

"म्हणाले कधीतरी. तू माझा डॉक्टर आहेस का माझा मास्तर?"

ते गेले आणि आतून बायकोचा आवाज आला, "माझी शिवणाची कात्री कुणी घेतली हो? इथंच होती काल."

"मला माहीत नाही, आजो... आपलं, आई," लेक गडबडीनं म्हणाली आणि दप्तरात तोंड खुपसून बसली.

गुंड्याचं कात्रीकडं लक्ष नव्हतं. त्याच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला होता: पेपर काही फक्त घरातच येत नाही! त्यानं एका कागदाच्या पाठीमागं भराभर नकाशा काढला. घर. नाक्यावरचं वाचनाचं दालन. न्हाव्याचं दुकान. समोरचे निवृत्त स्टेशनमास्तर. तीन ठिकाणं, तीन पेपर. एरवी जिन्याच्या पायऱ्या मोजून चढणारा माणूस आज सायकलवर टांग टाकून असा सुटला, की एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात बायकोची सपात आहे, हे त्याला नाक्यावर कळलं.

वाचनाच्या दालनात पेपर होता. पान सातही होतं. पण उजव्या कोपऱ्यात, जिथं त्याची चौकट असायला हवी, तिथं चौकोनी खिडकी होती. पलीकडचं टेबल दिसत होतं.

"हे कुणी कापलं?" त्यानं दालन सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं.

"अगोबाई! आत्ता एक म्हातारे गृहस्थ बसले होते. इतके सभ्य होते हो. कोटातून भिंग काढलं, कात्री काढली... मला वाटलं, नखं कापतायत."

गुंड्यानं परत सायकल काढली. तो न्हाव्याकडं गेला. न्हावी साबणाचा फेस घोटत होता.

"पेपर? तुमचे अण्णा घेऊन गेले की. उद्या देतो म्हणाले. दाढीला बसा म्हटलं तर बसलेसुद्धा नाहीत. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

स्टेशनमास्तर दारातच उभे होते. "तुमचे वडील आले होते. पेपर मागून घेतला. मी म्हटलं, अहो, मी अजून वाचला नाही. तर म्हणाले, आज काही विशेष नाही. अहो, विशेष नाही हे मला वाचून ठरवू दे की!"

गुंड्या तिथंच कट्ट्यावर बसला. सगळं उघड होतं. अण्णांनी वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, गावभरचे पेपर ते पुरावा म्हणून गोळा करत होते.

पुढचे दिवस त्या घरात इतकी सभ्यता माजली, की बायकोला गुदमरायला झालं. अण्णा "जरा मीठ दे" म्हणायचे ते "तुला जमत असेल तर जरा मीठ दे" म्हणू लागले. गुंड्या त्यांची काठी रोज पुसून ठेवू लागला. अण्णांनी दुसऱ्या दिवशी पेपर मागितला, पण उघडताना हात थरथरत होता. गुंड्याला वाटलं, हा राग.

एकदा जेवताना अण्णा घास हातात धरून म्हणाले, "गुंड्या, तुला मला काही विचारायचंय का?"

"नाही. तुम्हाला?"

"मला? मला काय विचारायचं असणार?"

"मग ठीक आहे."

"हो. ठीकच आहे."

लेकीला ठसका लागला. आई तिच्याकडं बघू लागली, तशी ती पाण्याचं भांडं घेऊन आत पळाली.

"बोलून टाका एकदा," रोज बायको म्हणायची. "खाणार आहेत का ते तुम्हाला?"

"पंधरा दिवस जाऊ देत. हरकतीची मुदत संपली की सांगतो."

"म्हणजे अण्णा हरकत घेतील असं वाटतं तुम्हाला?"

तोवर तसं वाटत नव्हतं. बायकोनं विचारलं आणि त्या क्षणापासून गुंड्याला दुसरं काही वाटेना. त्यानं कचेरीत अर्ज आगाऊच देऊन ठेवला होता, म्हणजे मुदत संपताच पुढं सरकेल. आता टपालवाल्याची घंटा वाजली की त्याच्या हातातली रेघ वाकडी जायची. एका बंगल्याच्या नकाशात एक खिडकी त्यामुळं चक्क तिरकी आली.

बाराव्या दिवशी घंटा वाजली. सरकारी पाकीट. आत दोनच ओळी: 'आपल्या अर्जाबाबत अडचण उपस्थित झाली आहे. उद्या अकरा वाजता समक्ष भेटावे.'

"घेतली," गुंड्या मटकन खाली बसला. "अण्णांनी हरकत घेतली."

त्याच संध्याकाळी पाथरवटाचा फोन आला. "साहेब, बाकी सगळं कोरून झालं. 'आराखडा' लिहून पुढं दोन ठिपके देऊन बसलोय. परवापासून मी दुसरं काम घेतो. पुढं काय लिहू?"

"थांबा," गुंड्या म्हणाला. त्यानं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी अकराला दहा कमी असताना तो कचेरीत पोचला. लांबलचक व्हरांडा, भिंतीला लाकडी बाक, आणि बाकावर, मांडीवर फाइल घेऊन, अण्णा. शेजारी दप्तर लावलेली लेक.

अण्णा उभे राहिले. गुंड्या उभाच होता.

"तू इथं?"

"तुम्ही इथं?"

"शाळा नाही का तुला?" गुंड्यानं लेकीला दरडावलं, कारण दरडावता येण्यासारखं तिथं दुसरं कुणी नव्हतं.

"आजोबांचा हात थरथरतो ना लिहिताना," ती म्हणाली. "मी लिहून देते."

"काय लिहून देतेस? बापाविरुद्ध हरकत?"

"कसली हरकत?" अण्णा म्हणाले.

इतक्यात आतून हाक आली. खिडकीमागं चष्म्याला दोरी लावलेल्या बाई बसल्या होत्या. समोर दोन फायली, एकीवर एक. त्यांनी एकदा अण्णांकडं बघितलं, एकदा गुंड्याकडं.

"तुम्ही एकाच घरात राहता ना?"

"हो," दोघं म्हणाले.

"एकमेकांशी बोलता का?"

दोघं आपापल्या चपला बघू लागले.

"मग मीच सांगते," बाईंनी दोन्ही फायली उघडल्या. "ह्या गृहस्थांनी अर्ज केलाय, की मला माझं नाव बदलायचंय. आणि तुम्हीही अर्ज केलाय, की मला माझं नाव बदलायचंय. एकाच दिवशी, एकाच पेपरात, एकाखाली एक सूचना. आता तुम्ही आपल्या नव्या नावाच्या मधे वडिलांचं नाव लावलंय ते जुनं. वडील तर ते नाव टाकून चाललेत! तुमचं नवं नाव छापून यायच्या आतच चुकलं. मी काय मंजूर करू?"

गुंड्या अण्णांकडं वळला. "तुम्ही? तुम्ही नाव बदलताय?"

"म्हणजे तू वाचलं नाहीस?" अण्णांचा आवाज चिरकला. "त्या दिवशी घरात पेपर नव्हता. मला वाटलं, तू वाचलास, लपवलास आणि माझ्यावर रागावून बसलास. निदान इतरांनी वाचून तुला छेडू नये म्हणून गावभर हिंडलो मी!"

"मी लपवला तो तुम्ही वाचू नये म्हणून. पण तुम्ही वाचनाच्या दालनात पान कापलंत ना? तिथं माझी सूचना दिसली नाही तुम्हाला?"

"मी माझी बघितली आणि हात थरथरायला लागला. सबंध कोपराच कापला. वरचं कोण वाचतंय?"

एकोणऐंशी वर्षांत पहिल्यांदाच अण्णांनी छापलेलं काहीतरी वाचायचं सोडलं होतं, आणि ते नेमकं हे.

"पण अण्णा, या वयात नाव कशाला?"

अण्णा खिडकीच्या कडेला रेलले. "माझं हे नाव माझं नाहीच रे. मामानं मला शाळेत घातलं. त्याला माझं लाडाचं नाव तेवढं माहीत. गुरुजी म्हणाले, लाडाचं चालणार नाही, खरं सांगा. मागं रांग लागलेली. मामा घाबरला आणि त्यानं स्वतःचंच नाव सांगितलं. तेच लागलं जन्माला. पुढं त्या मामाशी आमचं भांडण झालं, येणं-जाणं तुटलं, तरी मी आपला त्याचं नाव घेऊन हिंडतोय. आईनं ठेवलेलं नाव कुठल्याच कागदावर नाही. म्हटलं, एकदा तरी छापलेलं वाचावं." त्यांनी फाइल काखेत धरली. "तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या नावाच्या मधे मी आहे. मी हललो की तुला धावपळ. तू आधीच एवढ्या-तेवढ्यानं घाबरतोस."

"आणि मला वाटलं, तुम्ही दिलेलं नाव टाकलं तर तुम्हाला लागेल."

"त्या पोस्टमास्तराचं?" अण्णांनी तोंड वाकडं केलं. "महाखडूस माणूस होता तो! मला कधी आवडलं नाही ते नाव. पण तू इतकी वर्षं कुरकुर केली नाहीस. मला वाटलं, तुला आवडतं. म्हणून पाहुण्यांसमोर मुद्दाम जोरात घ्यायचो."

खिडकीमागच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "आता अर्ज नव्यानं करा. आधी वडील, मागोमाग तुम्ही. सूचना पुन्हा, पंधरा दिवस पुन्हा."

"बाई," लेकीनं बोट वर केलं, "माझ्या नावाच्या मधे बाबांचं नाव आहे. मग माझं?"

बाईंनी तिच्याकडं कौतुकानं बघितलं. "हुशार आहेस. तुझंही. आणि आईच्या नावात कुणाचं आहे?"

दुसऱ्या दिवशी चौघं मिळून पेपरच्या कचेरीत गेले. सूचना घेणाऱ्या कारकुनानं चार कागद लावून घेतले, वाचले, पुन्हा वाचले आणि दाराबाहेर डोकावून बघितलं. "घरातलं आणखी कुणी राहिलंय का? मांजर वगैरे?"

पाथरवटाचे पाय धरणंच तेवढं बाकी राहिलं. वीस दिवस थांबायला तो तयार झाला, पण रोज सकाळी फोन करायचा आणि एकच शब्द म्हणायचा, "दोन ठिपके." गुंड्या त्या वीस दिवसांत वाळून निम्मा झाला. रात्रंदिवस एकच धास्ती, की आता पणजोबांचं नावही चुकीचं निघतंय. पण कुणाची हरकत आली नाही. राजपत्र आलं. अण्णांनी आपलं नाव भिंगातून अकरा वेळा वाचलं आणि बाराव्यांदा भिंगाशिवाय. गुंड्यानं नव्या सहीनं दोन वह्या भरल्या. दगडावरच्या दोन ठिपक्यांपुढं शेवटी नाव कोरलं गेलं, मधल्या नावासकट, आणि एकही अक्षर चुकलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सभामंडप मुलांनी भरून गेला होता. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. गुंड्यानं रांगेवरून नजर फिरवली. मग दुसऱ्यांदा फिरवली. त्याच्या नावाची चिठ्ठी त्याला कुठंच दिसेना. विचारायचा धीर होईना. बायको आणि लेक मुलांच्या घोळक्यातून पुढं सरकल्या, आणि तो मुकाट्यानं शेवटच्या रांगेत जाऊन बसला. बघतो तर शेजारी अण्णा.

"मलाही नाही रे ठेवली खुर्ची," अण्णा पुटपुटले. "जाऊ दे. दगडावर तर आहे ना."

पुढं पहिल्या रांगेत मधोमध दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

व्यासपीठावरून पाहुणे म्हणाले, "ही सुंदर इमारत ज्यांनी आखली, त्यांना मी पुढं बोलावतो," आणि त्यांनी कागद बघून एक नाव उच्चारलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. टाळ्या झाल्या. गुंड्यानंही वाजवल्या. नव्या सहीची सवय त्याच्या हाताला झाली होती, डोळ्यांना आणि कानांना नव्हती. त्या नावानं त्याला आजवर एकदाही कुणी हाक मारली नव्हती. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा नाव घेतलं. मुलं माना वळवून शोधू लागली. गुंड्याही मागं वळून बघू लागला. मागं भिंत होती. तिसऱ्यांदा नाव घेऊन पाहुणे म्हणाले, "आलेले दिसत नाहीत."

"कमाल आहे," गुंड्या अण्णांच्या कानाला लागून म्हणाला. "एवढा मान मिळतोय आणि हा माणूस आलेलाच नाही."

"आणि त्याचा बापही आलेला दिसत नाही," अण्णा म्हणाले.

पुढच्या रांगांतून बायको उभी राहिली, कमरेवर हात ठेवून मागं वळली आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अहो!"

या नावाला मात्र गुंड्या ताबडतोब उभा राहिला.